पळतं अक्षर आणि गयाबाईचा बोर्ड

मानवतच्या मोंढ्यात माझ्या अक्षराला लोक ‘पळतं अक्षर’ म्हणायचे. हे नाव मी दिलेलं नाही. एका कापडवाल्या शेटजींच्या दुकानावर मी ते पहिल्यांदा काढलं, तेव्हा समोरच्या पानवाल्यानं मान वाकडी करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "पेंटर, हे कुठं पळायलंय?" तेच चिकटलं. पुढं गिऱ्हाईकं दुकानात येऊन सांगायची, "आमाला उभं नको, पळतं काढा."

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ सुरू व्हायच्या आधीपासून ते नामांतर होऊन गेल्यावरही बरीच वर्षं मी पाट्या रंगवल्या. किती रंगवल्या ते मोजलं नाही. पण मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या धान्य-कापसाच्या बाजारात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेलो तर सारखं आपलंच तोंड आरशात बघितल्यासारखं व्हायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पेंटर म्हणजे अक्षर काढणारा. तसं नसतं. उभं अक्षर आम्ही काढत नाही, बांधतो. पत्र्यावर अस्तराचा हात द्यायचा, खडू लावलेला दोरा ताणून रेघा मारायच्या, पेन्सिलीनं अक्षराचा सांगाडा आखायचा आणि मग आत रंग भरायचा. गवंड्यासारखं काम. पळत्या अक्षराला यातलं काहीच चालत नाही. ब्रश रंगानं भरून घ्यायचा, टेकूच्या काठीवर मनगट ठेवायचं आणि एका दमात अक्षर संपवायचं. दाबलं की जाड, उचललं की बारीक. अक्षर उजवीकडं जरा कललेलं. डोक्यावरची रेघ पट्टीनं मारलेली नाही, वाळत घातलेल्या धोतरासारखी थोडी झोल खाणारी. शेवटाला रंग संपत आला की ब्रशचे केस उघडतात आणि रेघेत कोरडे धागे दिसतात. नवा पेंटर लाजून ते भरून काढतो. मी ठेवायचो. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी जाता जाता सहज लिहून गेलंय. ते ‘सहज’ यायला माझी कितीतरी वर्षं गेली.

आता तसलं अक्षर कॉम्प्युटरमध्ये मिळतं. परभणीच्या एका छापखान्यातल्या ऑपरेटर पोरीनं मला पडद्यावर दाखवलं. ब्रशनं लिहिल्यासारखंच, कोरड्या धाग्यांसकट. चांगलं होतं, मी उगीच नावं ठेवणार नाही. लग्नपत्रिकेला, मिठाईच्या खोक्याला शोभून दिसेल. मी तिला म्हटलं, "मामा लिही." तिनं लिहिलं. दोन्ही ‘मा’ जुळ्या भावांसारखे. मी म्हटलं, "माझ्या हातातून दोन मा कधी सारखे आले नाहीत गं. पहिला जरा बसका यायचा, दुसरा पुढं झेपावायचा." ती म्हणाली, "काका, मग रोज वेगळं दिसलं असतं की." मी म्हटलं, "दिसायचंच!" दोघंही हसलो.

हे अक्षर मी दोन ठिकाणी शिकलो. एक उस्मानचाचांकडं. ते परभणीत उर्दू कातिब होते, लग्नाचे दावतनामे आणि पाट्या लिहायचे. निजामाच्या राज्यापासून त्यांच्या घरात हेच काम. मला उर्दू वाचता यायचं नाही, पण त्यांचा हात बघायला मी त्यांच्या ओट्यावर बसायचो. माझ्या हातात ब्रश दिला की ते ओरडायचे, "इत्ता कायको दबा रा रे? हरफ को सांस लेने दे." मग मनगट सोडून खांद्यातून हात फिरवायला लावायचे. अक्षर खांद्यातून येतं, हे मला त्यांच्याकडून कळलं.

दुसरी शाळा म्हणजे भिंती. नामांतराच्या दिवसांत बाजार पुष्कळदा बंद असायचा. वातावरण तंग, माणसं माणसांकडं बघताना चाचरायची. आमच्या हाताला काम नाही आणि भिंतीवर मात्र रोज सकाळी नवं अक्षर. गेरूत, चुन्यात, निळीत, कधी काडीला चिंधी गुंडाळून लिहिलेलं. त्यांना कुणी दोरा मारून रेघा दिल्या नव्हत्या. पहिलं अक्षर भीतभीत, मग हात मोकळा होत गेलेला, शेवटी भिंत संपली म्हणून ‘नामांतर झालेच पाहिजे’तलं ‘पाहिजे’ कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवलेलं. मी सायकल थांबवून बघत राहायचो. लिहिणाऱ्याला अक्षर सुबक करायचं नव्हतं, त्याला काहीतरी सांगायचं होतं. मला तोवर उलटं वाटायचं, आधी अक्षर सुबक, मग सांगणं. मी त्या दिवसांत घरच्या मागच्या भिंतीवर पाण्यात ब्रश बुडवून नुसतं लिहीत बसायचो. वाळलं की परत लिहायचं. बायको म्हणायची, "भिंतीला आंघोळ घालायलाव का?"

तर अक्षर आलं, शेटजींच्या दुकानावर चढलं आणि गाजलं. साडीचं दुकान, मिठाई, फोटो स्टुडिओ, टेलर, लग्नाच्या मांडवातलं ‘शुभविवाह’, सगळ्यांना पळतंच हवं. पण प्रत्येक अक्षराला एक आवाज असतो आणि तो सगळीकडं चालत नाही, हे मला येलदरीत कळलं.

येलदरीला धरणाच्या रस्त्यावर सोपानरावांचं चहाचं हॉटेल होतं. गोड माणूस, बोलायला लागला की चहा उतू जायचा. त्यांनी हॉटेलचा बोर्ड माझ्याकडून पळत्या अक्षरात करून घेतला आणि म्हणाले, "पेंटर, रंग उरलाच हाय तर खाली पाण्याजवळ अजून एक पाटी लावा. लोक फिरायला येतेत अन् खुशाल पाण्यात उतरतेत. मला बसून बघवत न्हाई." मी विचारलं, "ती उभ्या अक्षरात करू का?" ते म्हणाले, "छे, हीच करा. लय ग्वाड दिसायलंय." मी केली. ‘पाणी खोल आहे, उतरू नये.’

पुढच्या खेपेला गेलो तर पाटीखाली एक कुटुंब सतरंजी टाकून शेंगा सोलत बसलेलं. बाप्या माणूस विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभा. त्याचा फोटो काढणं चाललेलं आणि फोटोत पाटी यावी म्हणून तो आणखी मागं, आणखी मागं सरकत होता. सोपानराव धावतच खाली गेले आणि त्याला दंडाला धरून वर आणलं. मग कपाळावरचा घाम पुसत मला म्हणाले, "परवा एकानं मला इचारलं, पाणी खोल आहे, हे तुमच्याच हॉटेलाचं नाव का?"

मी तिथंच पाटी उतरवली, पांढरी केली आणि दुसऱ्या दिवशी लाल रंगात उभी, जाड, ठोकळ्यासारखी अक्षरं बांधली. डोक्यावरची रेघ घराच्या तुळईएवढी. शब्द तेच. सोपानराव पुढं सांगायचे, लोक पायरीपर्यंत येतात, वाचतात आणि मुकाट्यानं चपला घालून वर येतात. तेव्हापासून दवाखाना, बँक, विजेच्या तारा आणि खोल पाणी यांना मी पळतं अक्षर कधी दिलं नाही.

आता ज्या बोर्डासाठी हे लिहायला बसलो, त्याकडं येतो.

मोंढ्याच्या मागच्या अंगाला एक खानावळ होती. राणीसावरगावकडचं धनगराचं जोडपं मेंढरं विकून मानवतला आलं आणि हमालांना, कापसाच्या गाडीवानांना जेवू घालायला लागलं. नवरा लवकर वारला. मागं राहिली गयाबाई. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, बाजारच्या दिवशी मटणाचा रस्सा. चुलीपुढं ती एकटी बसायची आणि तिच्या थापण्याचा आवाज माझ्या दुकानापर्यंत यायचा. हंगामात तिचा दीर बापूराव गावाकडून मदतीला यायचा. पाणी भरायचा, सरपण आणायचा, गर्दीत कुणी चढ्या आवाजात बोललं तर पुढं व्हायचा. खानावळीला नाव असं नव्हतंच. ‘धनगराची खानावळ’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

एका वर्षी तिथल्या टपऱ्या हलल्या आणि सगळे एका ओळीत पत्र्याच्या गाळ्यांत गेले. सारखे पत्रे, सारखी दारं. नेहमीची माणसंही चुकून शेजारच्या गाळ्यात शिरायला लागली. तेव्हा बापूराव माझ्याकडं आला. रुमाल सारखा करत ऐटीत म्हणाला, "पेंटर, आमच्या गाळ्यावर बोर्ड पायजे. त्या साडीवाल्यावानी पळतं अक्षर. बापूराव खानावळ."

मी माप घ्यायला गेलो. गयाबाई भाकरी थापत होती. मी दारावर फूटपट्टी धरली तशी तिनं मान वर न करता विचारलं, "नाव कुनाचं टाकायलाव?"

"बापूरावांनी त्यांचं सांगितलंय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"अन् भाकरी कोन करायलंय?"

मी माप लिहून घेतलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवणखाण आवरून ती माझ्या दुकानात आली. पहिल्यांदाच. दारात उभी राहून आधी तिनं सगळ्या अर्धवट पाट्या बघितल्या. मग फळीवरचा खडू स्वतःच उचलला आणि खाली बसून माझ्या फरशीवर लिहायला लागली. वस्तीत संध्याकाळी बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथं ती जात होती हे मला माहीत नव्हतं. जीभ दातात धरून तिनं लिहिलं, गयाबाई. ‘ग’चा काना गाठीपासून फटकून उभा. ‘या’ सगळ्यांत मोठा. ‘बा’ मागं रेललेला. ‘ई’ची शेपूट फरशीची फट ओलांडून पुढं गेलेली. डोक्यावर एक रेघ नव्हती, प्रत्येक अक्षराला आपापलं छप्पर.

"हे असंच काढा," ती म्हणाली. "तुमच्यावानी पळू नका."

"बाई, बोर्डावर असं अक्षर नसतं. लोक हसतील."

"हसू द्या की. हसलेलं मानूस आत येतंय."

मी म्हटलं, बापूरावांनी आधी सांगितलंय, त्यांना काय सांगू? ती उठली, हाताचा खडू पदराला पुसला. "त्यांना मी सांगते. तुमी काढायचं बघा."

पण तिच्या आधी बापूरावच माझ्याकडं आला. "झाला का बोर्ड?" मी लपवाछपवी केली नाही. फरशीवरचं खडूचं अक्षर दाखवलं आणि वहिनींनी स्वतःचं नाव असंच काढायला सांगितलंय म्हणालो. तो त्या अक्षराकडं बघत राहिला. रागावेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा रागाचा नव्हता, भर बाजारात कुणी पागोटं उतरवल्यासारखा होता.

"मला न्हाई सांगितलं तिनं," एवढंच म्हणाला आणि तरातरा खानावळीकडं निघाला. मला राहवेना, मी मागोमाग गेलो.

गाळ्यात पंगत बसलेली. हमाल, गाडीवान, सगळे खाली मान घालून जेवत होते. बापूराव चुलीपाशी जाऊन उभा राहिला.

"वहिनी, बाईमानसाचं नाव मोंढ्यात टांगायचं का? लोक काय म्हनतील?"

थापण्याचा आवाज थांबला. पंगतीतले हातही थांबले.

"भाऊजी," गयाबाई म्हणाली, "लोक इतकी वर्सं माझ्या हातचं खायलेत. माझं नाव वाचून त्यांचं पोट दुखायचं का?"

एक म्हातारा हमाल खुसखुसला, पण बापूराव हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "मी बी राबतोय की इथं. माझं नाव कुठंच न्हाई का मंग?"

हे ऐकलं आणि मला त्याची दया आली. बाईचं नाव नको एवढंच त्याचं म्हणणं नव्हतं. दर हंगामाला घरदार सोडून येणाऱ्या माणसाला इथं आपलं काहीतरी असावं असं वाटत होतं. गयाबाईलाही ते कळलं असावं. तिनं हातातलं पीठ झटकलं आणि त्याच्याकडं तोंड करून बसली.

"तुमच्या दादाचं नाव तरी कुठं टाकायले मी? मला चारच अक्षरं आल्यात, भाऊजी. तेवढीच लिवनार. पुढची आली की तुमचं बी लिवते, दादाचं बी लिवते. आता बसा. जेवा आधी."

तिनं ताट वाढलं. बापूरावनं डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकला. मग पंगतीच्या टोकाला बसला आणि जेवला. मी तिथून निघून आलो.

आता काम माझं. आणि मला सांगायला हरकत नाही, आयुष्यात इतकं अवघड काम मला दुसरं लागलं नाही. कापडाच्या दुकानाचं लांबलचक नाव मी गप्पा मारत रंगवायचो. ही चार अक्षरं मला येईनात. फरशीवरचं खडूचं अक्षर चौकटी पाडून मोठं करायला घेतलं, तर त्यातला जीव गेला, नुसतं वेडंवाकडं दिसायला लागलं. मग ब्रश भरून तिच्यासारखं सहज लिहायला गेलो, तर हात आपोआप सुधारणा करायचा. रेललेला ‘बा’ सरळ व्हायचा, ‘ई’ची शेपूट वळण घ्यायची. पत्रा पुसला, परत काढलं, परत पुसला. शाळेत न गेलेल्या हाताचं अक्षर माझ्या शिकलेल्या हाताला जमत नव्हतं.

शेवटी मी गयाबाईलाच निरोप पाठवला. ती आली. पत्रा जमिनीवर आडवा ठेवला, पिवळा रंग दिलेला, वाळलेला. खारीच्या केसांचा माझा सगळ्यांत रुंद ब्रश तांबड्या रंगात बुडवून मी तिच्या हातात दिला.

"मला?" ती म्हणाली.

"माझ्यानं होत नाही. तुमीच काढा."

तिनं ब्रश उलथन्यासारखा मुठीत धरला. मी तसाच धरू दिला. तिनं श्वास घेतला आणि सुरुवात केली. भाकरी थापून थापून तयार झालेला हात, खांद्यापासून फिरत होता. ‘ग’ काढला, काना फटकून काढला. ब्रशमधला रंग संपत आला तसे ‘या’च्या कान्यात कोरडे धागे उमटले. ती घाबरून थांबली. "हे उसवलं का?"

"नाही, नाही. ते राहू द्या. ते चांगलं असतंय."

"खरंच?"

"खरंच."

शेवटी ‘ई’ची शेपूट पत्र्याच्या कडेपर्यंत गेली, तिथं पत्रा संपला म्हणून थांबली. गयाबाई मागं सरकली आणि आपल्या नावाकडं बघत बसली. बोटाला लागलेला रंग पुसायचं तिला सुचेना. मी खाली ‘खानावळ’ लिहिलं, लहान आणि साधं, उभ्या अक्षरात, तिच्या अक्षराच्या वाटेत येणार नाही असं. कोपऱ्यात आम्ही पेंटर लोक आपलं नाव टाकतो. त्या बोर्डावर मी टाकलं नाही. टाकण्यासारखं काही केलंच नव्हतं.

बोर्ड लागला त्या दिवशी बाजार होता. शिडीवर बापूराव चढला. दुसऱ्या कुणाला त्यानं चढूच दिलं नाही. तोंडात खिळे, हातात हातोडी, बोर्ड सरळ आहे का हे वरून पुन्हा पुन्हा मलाच विचारत होता. मी खाली शिडी धरून उभा. येणारे जाणारे थांबत होते. कुणी हसत होते, कुणी कौतुकानं बघत होते. शेजारच्या गाळ्यातल्या माणसानं तर मला विचारलं, "पेंटर, हात थरथरायला लागला का?" मी म्हटलं, "हो, वय झालं."

तेवढ्यात कापसाची गाडी घेऊन एक परगावचा गाडीवान आला. त्यानं बैल थांबवले आणि वर बघून ओरडला, "पावनं, काय लिवलंय वो ते? कुनाची खानावळ म्हनायची ही?"

बापूरावनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले.

"वाच की!"

"वाचता येत न्हाई, बाबा."

"मला बी येत न्हाई," बापूराव म्हणाला. मी वर त्याच्याकडं बघतच राहिलो. माझ्याकडं ऐटीत पळतं अक्षर मागायला आलेला हा माणूस, मी पत्र्यावर काहीही लिहून दिलं असतं तरी त्याला कळलं नसतं. त्यानं रंगाच्या वरून, अक्षराला न लावता, हात फिरवून दाखवला. "पर हे आमच्या वहिनीचं नाव हाय. सवताच्या हातानं लिवलंय तिनं."

मग त्यानं शेवटचा खिळा ठोकला. गाडीवानानं बैल सोडून झाडाखाली बांधले, हात धुतले आणि आत जेवायला गेला.